रिंगखालचा मी, बाहेरचा मिलिंद

आमच्या शाळेत फोन मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे. त्या दिवशी मी निमगावला सातवीच्या वर्गावर त्रैराशिक शिकवत होतो. शिपाई दारात येऊन म्हणाला, "गुरुजी, इंदापूरचा फोन हाय." पलीकडे जाधव सर होते. आम्ही इंदापुरात शिकत होतो तेव्हाचे आमचे खेळाचे शिक्षक. "सुन्या, मिलिंद गेला," एवढंच म्हणाले. मी "बरं" म्हणालो. होय, "बरं" म्हणालो आणि वर्गात परत येऊन फळ्यावरचं अर्धवट गणित पुरं केलं. एका पोराने उत्तर चुकवलं तर त्याला रागावलोसुद्धा. घंटा झाल्यावर एस.टी. धरली. या गोष्टीला आता महिना होऊन गेला. भेटेल तो हळहळतो, "लई वाईट झालं, तुमची तर जोडी हुती." मी मान हलवतो. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं काहीसं माझं झालं आहे. हे लिहायला बसलो तेही दोघातिघांनी सांगितलं म्हणून. मला स्वतःला काही लिहावंसं वाटत नव्हतं.

जोडी म्हणजे उंचीची. मी कळसचा, घरी भाजीपाला आणि थोडी डाळिंबं. मिलिंद कांबळे इंदापूरचा, त्याचे वडील तहसील कचेरीत कारकून. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास आम्ही दोघं दहावीला येता येता सहा फुटांच्या वर गेलो. शाळेच्या फोटोत आम्हाला दोन टोकांना उभं करत, फोटो समतोल दिसावा म्हणून. त्याच सुमारास शाळेच्या मागच्या मैदानात बास्केटबॉलचे दोन बोर्ड उभे राहिले आणि खेळाचे शिक्षक म्हणून ते जाधव सरांच्या गळ्यात पडले. सर हाडाचे खो-खोवाले. हा खेळ त्यांनी एका पुस्तकातून आणि बारामतीच्या पोरांचं बघून बघून शिकून घेतला. उंच पोरगा दिसला की त्याला रिंगखाली उभा करायचा आणि हात वर करायला सांगायचं, एवढं बास्केटबॉल आमच्या भागात तेव्हा सगळ्यांनाच येत होतं. पण सरांकडे उंच पोरं दोन. दोघंही रिंगखाली, दोघांचेही हात वर, आणि बॉल आला की आम्ही एकमेकांचीच कोपरं खायचो. एकदा माझा ओठ फुटला, एकदा त्याचं नाक.

मग सरांनी आपल्या परीने तोड काढली. बॉल ठेवून दिला आणि आम्हाला खो-खोच्या पाटीवर उकिडवं बसवलं. एक आठवडा दुसरं काही नाही. खो मिळाला की उठायचं आणि पळायचं. सर बाजूला बसून आमच्या पायांकडे बघत राहायचे. शनिवारी त्यांनी निकाल दिला, "सुन्या आत ऱ्हाईल, रिंगखाली. मिलिंद बाहेर, रिंगपासनं लांब. समोरच्या संघात जो सगळ्यात बारका आन् चपळ, त्यो मिलिंदचा." आम्ही सगळे हसलो. बारक्या पोराला बारक्याने धरायचं, उंचाला उंचाने, याच्या पलीकडे आमची अक्कल नव्हती. उंच पोराला बाहेर काढणं म्हणजे त्याला काही येत नाही असं जाहीर करण्यासारखंच होतं. मिलिंद जाऊन बाहेर उभा राहिला. मी मनातून खूश होतो. रिंगखालची जागा मानाची आणि ती मला मिळाली होती.

सोमवारी संध्याकाळी मिलिंदचे वडील मैदानावर आले. कचेरीतून थेट, हातात जेवणाचा डबा तसाच. कांबळे काका आवाज चढवणारे गृहस्थ नव्हते. सरांना बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, पण आम्हाला ऐकू आलं. "सर, दोन पोरं सारख्याच उंचीची. मग बाहेर कुनाला उभं करायचं हे ठरवताना माझ्याच पोराचं नाव कसं आलं?" सरांचा चेहरा पार उतरला. काका काय विचारत होते हे त्या वयातही आम्हाला कळलं, मिलिंदला तर माझ्याही आधी कळलं असणार. तो खाली मान घालून बुटाची नाडी सोडत-बांधत बसला. सर काकांना पाटीजवळ घेऊन गेले. म्हणाले, "भाऊसाहेब, तुमीच बघा. तुमीच खो द्या." आणि आम्हा दोघांना पुन्हा पाटीवर बसवलं. काकांनी डबा खाली ठेवला. आधी माझ्या पाठीवर थाप मारून "खो" म्हणाले. मी जमिनीला हात टेकून उठलो, तोल सावरला, मग पळालो. मग मिलिंदला. थाप पडली तेव्हा तो बसलेला होता आणि दुसऱ्या क्षणी पाटीच्या टोकाला होता. मधलं काही दिसलंच नाही. काका म्हणाले, "परत एकदा." परत तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग त्यांनी डबा उचलला. "पटलं," ते म्हणाले. "पर सर, त्याला आतलं बी शिकवा. पुढं कुनी म्हनायला नको, याला आतलं येतच न्हवतं." सर म्हणाले, "शिकवतो." आणि शिकवलं. मला मात्र बाहेरचं शिकवायच्या भानगडीत ते पडले नाहीत. माझ्या पायांची त्यांना कल्पना आली होती.

त्या हिवाळ्यात बारामतीला सामना झाला. तिकडचा एक बुटका पोरगा होता, भिंगरी नुसती. मिलिंद त्याच्यासमोर गुडघ्यांत वाकून उभा राहिला तेव्हा बघणाऱ्यांत खसखस पिकली. "ए, उंट शेळीमागं लागलाय बघ!" कुणीतरी ओरडलं आणि बराच वेळ तेच चाललं. मी रिंगखालून बघत होतो. मिलिंदचे ते लांब हात आडवे पसरलेले, पाय जमिनीला घासत इकडून तिकडे. त्या पोराला पुढे काही दिसतच नव्हतं, रिंग नाही की आपला गडी नाही. मध्यंतरापर्यंत उंटाचं नाव कुणी काढेना. सामना आम्ही हरलो, माझ्या फाउलमुळे, ते जाऊ द्या. परतीच्या एस.टी.त मी त्याला म्हणालो, "तुला वाईट वाटत असंल ना, बाहेर ठेवल्याचं." तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "आत काय हाय रं? नुसत्या दुसऱ्याच्या काखा. बाहेर वारं तरी लागतं." मला तेव्हा वाटलं, हा मनाची समजूत घालतोय. आता वाटतं, खरंच बोलत असेल... आता विचारता येत नाही.

पुढे आम्ही दोघंही फार कुठे पोचलो नाही. जिल्ह्यापुरतं खेळलो, शिक्षणं झाली, मी मास्तर झालो, तो कारखान्यात कारकून म्हणून लागला. पण संध्याकाळी कामावरून आला की तो शाळेच्या मैदानावर जायचाच. नवीन उंच पोरं आली की लोक सांगायचे, याला रिंगखाली टाक. मिलिंद म्हणायचा, "घाई काय हाय? त्याची हाडं अजून वाढत्यात. आधी दोन्हीकडं खेळू दे." यावरून त्याची सरांशीही भांडणं व्हायची. सर म्हणायचे, मला पाय बघितले की आठवड्यात कळतं. हा म्हणायचा, तुमाला माझं कळलं, सगळ्यांचं कळंल असं न्हाय. चहा पिता पिता दोघं वाद घालायचे आणि मी दोघांचेही पैसे द्यायचो.

त्या सकाळी तो कारखान्याच्या सायकल स्टँडवर छाती धरून खाली बसला. बारामतीला नेईपर्यंत संपलं होतं. पंचवीस हे काही वय नव्हे. डॉक्टर म्हणाले, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुटली. अशा खूप उंच, सडपातळ माणसांत ती कधी कधी जन्मापासूनच कच्ची असते, वरून काही कळत नाही. मी इंदापूरला पोचलो तेव्हा दारात गर्दी होती आणि जाधव सर कांबळे काकांसमोर उभे होते. सर म्हणत होते, "भाऊसाहेब, मी त्याला बाहेर काढला. लई पळवला मी त्याला. आत उभा ठेवला असता तर..." काका म्हणाले, "पळताना त्यो खूश असायचा, सर. मी यायचो बघायला. भिंतीच्या पल्याड उभा ऱ्हायचो, त्याला ठाव न्हवतं." सर तिथेच पायरीवर बसले.

बुद्धवंदना झाली. तिरडी उचलली तेव्हा मागचा उजवा खांदा माझा होता. बाकीचे तिघं माझ्या छातीला लागणारे, त्यामुळे ती एका अंगाला कलली. कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, तुमी सोडा, कलतंय." सर पुढे आले. आयुष्यभर आम्हाला कुणी कुठं उभं राहायचं ते त्यांनी सांगितलेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिरडीकडे बघितलं, आणि काहीच सांगितलं नाही. मी खांदा सोडला नाही. गुडघे वाकवले. कलणं थांबलं. मग घरापासून स्मशानापर्यंत मी तसाच चाललो, गुडघ्यांत वाकून, पाय घासत. वाटेत बाकीच्यांनी खांदे बदलले, मी बदलू दिला नाही. डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. पुढे बघत होतो आणि गुडघे सरळ होऊ देत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सर कळसला घरी आले. मी खांबाला धरून ओटा उतरत होतो. त्यांनी ते बघितलं.

"मांड्या भरल्या?"

"व्हय."

सर ओट्यावर बसले. आईने पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं. "मिलिंदच्या बी भरल्या हुत्या," ते म्हणाले. "बाहेर घातला तवा, पैल्या आठवड्यात. शाळंचा जिना उतरता येत न्हवता त्याला. मला म्हनला, सर, सुन्याला सांगू नका, हसंल त्यो."

मी हसलो असतो, हे खरं आहे. सर गेल्यावर मी ओट्यावरच बसलो. अंगात दुसरं कुठे काही होत नव्हतं, फक्त मांड्या ठणकत होत्या, आणि मला ते बरं वाटत होतं. आठवडाभरात तेही थांबलं. आता सकाळी खाटेवरून उतरण्याआधी मी रोज मांडी दाबून बघतो. काही दुखत नाही.