गाठींची दोरी

आमचं घर रस्त्याच्या बरंच खाली. रस्त्यापासून खळ्यापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी, बावीस पायऱ्यांची, आणि त्यातल्या दोन पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. काचबिंदूनं बाबांची नजर गेली तेव्हा आईनं कडेच्या खांबांना सुंभाची दोरी ताणून बांधली. दर पायरीला एक गाठ, उंच पायरीला दोन, शेवटच्या पायरीला तीन. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मुंबईहून वर्षातून एकदा गणपतीला येणारा मी, मला दिसली ती काळी पडलेली, गाठाळलेली दोरी.

गेल्या वर्षी आठ दिवस आधी आलो आणि अंगात नको तेवढा उत्साह संचारला. घरी पाहुणे येणार आणि वाटेवर ही गोठ्यातली दोरी! वेल्डर बोलावून चकचकीत स्टीलचा दांडा बसवला, दोरी न्हाणीच्या चुलीत घातली. बाबांनी दांड्यावरून हात फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला. "झकास झालाय हां," म्हणाले. मी खूश. हात दुसऱ्यांदा काय शोधतोय, हे विचारायचं मला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी देवळातून परतताना त्यांची शेवटची पायरी चुकली. घोटा मोडला.

प्लास्टर घालून घरी आणल्यावर आईनं मला गाठींचा हिशेब सांगितला. मी चिडलोच. "मग आधी का नाही बोललीस?"

"ह्यांनीच गप केलान मला. म्हणाले, पोर चार दिसांसाठी आलाय, हौसेनं करतोय, त्याचं मन कशाला मोडायचं?"

चाकरमान्यानं घरात काही केलं की त्याला नावं ठेवायची नाहीत, ही आमच्याकडची रीत. इतकी वर्षं मी तिला माझा मान समजत होतो. शरमेनं मला आईकडे बघवेना.

गणपतीत येईल तो बाबांचा पाय बघून विचारायचा. बाबा हसून सांगायचे, "शेवाळावरून घसरलो. पोरान दांडा झकास बसवलान, माजंच लक्ष नव्हतं."

चहाचा ट्रे घेऊन मी शेजारीच उभा असायचो.

आता आईनं दांड्यावर सुंभ गुंडाळून पुन्हा गाठी मारल्यात. बाबा चाचपत सावकाश उतरतात, आणि कुणी विचारलं तर अजून शेवाळाचंच नाव सांगतात. मी अजून एकदाही त्यांचं म्हणणं खोडून काढलेलं नाही.