यादीतली डोकी

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी म्हणाली, "आई, माझे केस काप. एकदम बॉयकट."

ती तिसरीत होती. रोज सकाळी तिच्या दोन वेण्या घालायच्या, तेवढाच वेळ मला तिच्यासाठी मिळायचा. मी म्हटलं, "वेड लागलंय का गं?" पुन्हा तिने तो विषय काढला नाही. हट्टी पोर दुसऱ्यांदा मागत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मी घाटकोपरच्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स होते. अर्धा महिना नाइट ड्युटी. जानेवारीत मुलीच्याच शाळेच्या गेटवर कागद लागला: मेडिकल रूमसाठी नर्स पाहिजे. सकाळी तिच्याबरोबर जायचं, दुपारी तिच्याबरोबर परतायचं. मी त्याच दिवशी अर्ज लिहिला आणि वडिलांना दाखवला.

वडिलांची हयात विक्रोळीच्या कारखान्यात गेली. त्यांच्या युनियनच्या पत्रकांवर आणि दर डिसेंबरात ते दादरहून आणत त्या पुस्तिकांवर मी वाचायला शिकले. सातवीत मी स्वतः एक पत्रक लिहून चाळीच्या नळावर चिकटवलं होतं, पाण्याच्या वेळेबद्दल. अर्ज वाचून ते म्हणाले, "पोर शिकते तिथेच नोकरी? दोन्ही नाड्या त्यांच्या हातात देतेयस."

"बाबा, तुम्हाला जिथे तिथे मालक दिसतो."

"असतो म्हणून दिसतो."

इंटरव्ह्यूत प्रिन्सिपल मॅडम फार गोड बोलल्या. "मुलगी आपल्याकडेच आहे ना? मग तुम्ही घरच्याच." एवढ्या मोठ्या शाळेत तिचा वर्ग, तिची तुकडी त्यांना न बघता ठाऊक होती. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला. त्या म्हणाल्या, बुधवारी एक दिवस काम करून दाखवा, मग पत्र देऊ.

मेडिकल रूममध्ये एक खाट, एक वजनकाटा आणि खिडकीपाशी एक उंच स्टूल होतं. जोडीला मालवणकडच्या एक मावशी, शाळेच्या जुन्या शिपाई. मधल्या सुट्टीआधी क्लार्कने एक कागद आणून दिला. तिसरीतल्या मुलांच्या उवांची तपासणी. त्यावर चौदा नावं.

"अख्खा वर्ग नाही?"

"यादीतलीच बघायची, सिस्टर. दर महिन्याला हीच असतात."

यादी हातात आली की कोण आहे ते बघायचं, मग कोण नाही ते बघायचं, हे मला घरी शिकवलेलं. ही सगळी घरं माझ्या ओळखीची होती. कायद्याने शाळेला काही मुलं मोफत घ्यावी लागतात, त्या आरटीईच्या सोडतीत आमचे नंबर लागले, तेव्हा कागदपत्रं तपासायला आम्ही एकाच रांगेत उभे होतो. रिक्षावाल्याचा मुलगा, धुणीभांडी करणाऱ्या ताईंची मुलगी. नववं नाव माझ्या मुलीचं.

"इली पोरां," मावशी म्हणाल्या.

मुलं रांगेने आली. एक पोरगा मला म्हणाला, "तुमचे हात गरम आहेत ना? जुन्या सिस्टरचे एकदम फ्रीज होते." बाकीची खुदखुदली. पहिली मुलगी स्टुलावर चढली, स्वतःच रिबिनी सोडल्या आणि मी हात लावायच्या आधी तिने मान खाली घातली.

"सवय झाली हा त्यांका," मावशी म्हणाल्या.

मग माझी आली. मला बघून तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच विझला. ती स्टुलावर चढली. सकाळी मी घातलेल्या वेण्या तिने सोडल्या आणि मान खाली घातली. आई म्हणून हाक मारली नाही.

मी फणी खाली ठेवली. "मी सकाळीच बघितलंय गं."

"लवकर कर ना," ती खाली बघूनच म्हणाली. "उशिरा वर्गात गेलं की सगळे नाक दाबतात."

मी तिच्या वेण्या पुन्हा घातल्या आणि सगळ्यांना परत पाठवलं. कागदाच्या मागे लिहिलं: 'उवा नाव विचारून होत नाहीत. तपासायचं तर अख्खा वर्ग तपासते, वर्गशिक्षिकेपासून.' खाली सही केली आणि कागद केबिनमध्ये नेऊन दिला.

मॅडमनी तो वाचून उलटा ठेवला. "पालकांच्या तक्रारी येतात हो."

"कुठल्या पालकांच्या? मीही पालकच आहे."

"तेच म्हणतेय." आवाज तसाच गोड. "मुलगी आपल्याकडेच आहे ना? अजून पाच वर्षं."

नोकरीचं पत्र आलं नाही. मी शिक्षण विभागात लेखी तक्रार दिली. पोचपावती वडिलांनी जुन्या पत्रकांच्या ट्रंकेत ठेवली. अजून उत्तर नाही. शाळा सोडली तर मोफत जागा जाते, म्हणून मुलीला रोज त्याच गेटात सोडते. पूर्वी तिच्या डायरीत कधी शेरा नसायचा. या आठवड्यात तीन आहेत. लक्ष नाही. बोलते. उलट उत्तर देते.

आज सकाळी वेणी घालताना तिने विचारलं, "आई, तू अजून एक पत्र देणार आहेस?"

"का गं?"

"देणार असशील तर आधी सांग. म्हणजे मी तयार राहीन."

दुसरी तक्रार माझ्या पर्समध्ये होती, सही केलेली. तिची वेणी माझ्या हातात अर्धी होती.

"आज," मी म्हटलं.