भाषाशुद्धीचा रकाना

आमच्या कॉलेजात मला ‘मागच्या बाकाच्या मॅडम’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण मला काय ऐकू येत नव्हतं होय!

रसायनशास्त्र शिकवण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली होती, आणि प्राचार्यांनी एक जादा काम माझ्या गळ्यात घातलं होतं. नव्या प्राध्यापकांच्या तासाला मागं बसायचं, त्यांचं शिकवणं सुधारायला मदत करायची आणि शेवटी एक तक्ता भरून द्यायचा. मदत करायला मला आवडायचं. तक्त्याचा मात्र मला मनापासून राग होता. फळ्याचा वापर, आवाज, वेळ असे त्यात रकाने, आणि सगळ्यात वर भाषाशुद्धी. पोरांना कळलं का, याला रकानाच नाही!

त्या वर्षी उमरग्याकडचे एक तरुण सर आमच्या विभागात तासिका तत्त्वावर लागले. घरी कन्नड, गल्लीत मराठी. पुढच्या वर्षी त्यांना ठेवायचं की घरी पाठवायचं, हे माझ्या तक्त्यावर ठरणार होतं. घरात तान्हं लेकरू होतं, दुसरी नोकरी दिसत नव्हती. ते बोलून दाखवायचे नाहीत. हातातला खडू तेवढा सारखा तुटायचा.

तासाला ते वही तोंडासमोर धरायचे आणि वाचायचे, ‘ज्या द्रावणात विशिष्ट तापमानास अधिक द्राव्य विरघळू शकत नाही, त्यास संपृक्त द्रावण असे म्हणतात.’ मग विचारायचे, “समजलं का?” अख्खा वर्ग एका सुरात, “हो सर!” कसलं डोंबलाचं समजलं! माझ्या शेजारी जळकोटची एक पोरगी बसली होती. तिनं वहीत ‘संपर्क द्रावण’ लिहून ठेवलं होतं, आणि खाली दोनदा रेघ मारली होती.

तास सुटल्यावर मी सरांना ते सांगितलं. म्हटलं, “उद्यापासून ‘समजलं का’ बंद. ‘कुठं अडलं’ असं विचारायचं आणि गप उभं राहायचं.”

“कुणी बोललंच न्हाय तर, मॅडम?”

“तर उभं राहायचं. आणि ती वही माझ्याकडं द्या.”

त्यांचा चेहराच उतरला. “वही नसली की माझ्या तोंडात कन्नड येतं. पोरं हसतील.”

“हसू द्या की! झोपतात त्यापेक्षा बरं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “कुठं अडलं?” वर्ग चिडीचूप. ते माझ्याकडं बघायला लागले, मी मुद्दाम खिडकीकडं बघितलं. शेवटी ती जळकोटची पोरगी उठली. “सर, ते संपर्क का काय, ते लई अवघड हाय. म्हंजी काय?”

सरांनी सवयीनं वही शोधली, ती माझ्या मांडीवर होती. मग ते म्हणाले, “चहात साखर घालत राहायचं, घालत राहायचं. एक वेळ अशी येते की साखर तळाला बसते. चहा म्हणतो, साकु!”

साकु म्हणजे बास, पुरे. सीमेकडची पोरं खदाखदा हसली, त्यांनी बाकीच्यांना अर्थ सांगितला आणि वर्गात नुसता कल्ला झाला. त्या पोरीनं शब्द खोडला आणि नीट लिहिला. मला इतका आनंद झाला की बाकावर हात आपटला.

नेमके त्याच वेळी प्राचार्य व्हरांड्यातून चालले होते. हे गृहस्थ शिपायालासुद्धा ‘कृपया पाणी आणावे’ म्हणायचे. दुपारी मला बोलावलं. “बाई, हे महाविद्यालय आहे, आठवडी बाजार नव्हे. भाषाशुद्धीच्या रकान्यात ‘असमाधानकारक’ लिहा.”

मी त्यांच्या समोरच पेन काढलं. त्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘पोरीनं प्रश्न विचारला. सरांनी उत्तर दिलं. वर्गाला कळलं. यांना ठेवावं.’

त्यांनी कोरा तक्ता पुढं केला. मी तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं, परत कोरा तक्ता. परत तेच! तिसऱ्या दिवशी ते चिडले. “हे काम तुमच्याकडून काढून घ्यावं लागेल.”

“घ्या काढून. बाक कुणाच्या बापाचा नाही, मी बसणारच.”

“शांतपणे विचार करा. अजून एकदा लिहून बघा.”

माझं डोकं सटकलं. मी तेच लिहून तक्ता त्यांच्याकडं सरकवला. “सर, साकु!”

त्यांनी अर्थ विचारला नाही. तक्ता ओढून घेतला, स्वतःच शेरा लिहायला पेनाचं टोपण काढलं आणि पुटपुटले, “आयतु, आयतु.”

कन्नडात म्हणजे बरं, ठीक आहे. उमरग्याची पोरं दिवसातून दहा वेळा म्हणतात. प्राचार्यांचा हात जागीच थांबला. त्यांनी आधी दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. इतक्या वर्षांत त्यांच्या घरची भाषा कॉलेजात कुणालाच ठाऊक नव्हती.

मला दया आली, पण तरुण सरांचं वर्ष त्या कागदावर होतं. मी तक्त्यावरच्या रकान्यावर बोट ठेवलं. “सर, तुमच्या भाषाशुद्धीचं काय लिहू?”

त्यांनी सही केली.