जुनी तार उतरवण्याआधी

विनायकराव गेल्याचं मला पोलादपूरहून टेलिफोनवर कळलं. त्यांनीच टाकलेल्या लाइनीवरून. आवाज अगदी स्वच्छ येत होता... तरी मी दोनदा विचारलं.

महाडहून पोलादपूरला टेलिफोन नेण्याचं काम आम्हा दोघांकडे होतं. ते प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. पावसाळ्याच्या तोंडावर काम संपलं आणि वरून हुकूम आला की काम पुरं झाल्याच्या दाखल्यावर सही करा, जुनी तारायंत्राची लाइन उतरवा. विनायकराव सही करीनात. कुडपणचा लाइनमन धोंडू त्यांना म्हणाला होता, "सायेब, वरल्या अंगाची माती अजून बसली नाय. खांब हुबा दिसतोय, पन भरवसा नाय." झालं. "एक पावसाळा दोन्ही लाइनी राहू द्या," असं त्यांनी वर लिहून पाठवलं. छत्री घेतली तरी इरलं बरोबर ठेवणारा माणूस, अशी आम्ही त्यांची थट्टा करायचो.

वरिष्ठांनी फाइल माझ्यापुढे सरकवली. मी सही केली. आठवड्याभरात जुनी तार उतरली, मला बढती मिळाली, विनायकराव होते तिथेच राहिले. त्या पावसाळ्यात नवी लाइन एकदाही बंद पडली नाही. दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तेव्हा मला राहवलं नाही. "बघा, काही तुटलं नाही," मी म्हणालो.

"चांगलंच झालं की," ते हसून म्हणाले. "तुटेल असं मी कुठं म्हणालो? तुटली तर पोलादपूरनं हाक कुणाला मारायची, एवढंच विचारलं होतं."

ती बढती त्यांची होती, हे मी जाणून होतो. त्यांच्यापाशी ते कबूल करायला मला एवढी वर्षं मिळाली... आणि मी बोललो नाही. याची मला लाज वाटते.

परवा विनायकरावांच्या घरी वहिनींना भेटायला गेलो होतो. त्यांच्याकडे आता वीज आली आहे. ऐन दिवेलागणीला ती गेली, तेव्हा वहिनींनी कोनाड्यातला कंदील काढला. "हे रोज संध्याकाळी पुसून ठेवायचे," त्या म्हणाल्या. "मी म्हणायची, आता हा कशाला?" वात विनायकरावांनी कातरलेली, तेल त्यांनीच भरलेलं. काचेवर तेवढी मधल्या दिवसांची धूळ होती. मी काच मागून घेतली आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसलो. वीज आली, तरी पुसतच होतो.