चार टक्क्यांपुढचे पॉइंट

हिंगण्याच्या कारखान्यात मी आणि माझा शेजारी, दोघंही लेथवर होतो. आमचा किती माल बिघडला ते सुपरवायझर लिहायचा. वर्षभर त्यानं दोघांपुढेही नुसतं ‘चार टक्के’ लिहिलं, कारण पुढचे पॉइंट लिहायचा त्या माणसाला कंटाळा.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि आम्हा दोघांपैकी ज्याचा माल जास्त बिघडला त्याला काढायचं ठरलं. साहेबानं ऑपरेटरला ते हरवलेले पॉइंट शोधायला बसवलं. अख्ख्या खात्याचा आकडा तेवढा पॉइंटसकट ठाऊक होता. त्यातला चारच्या वरचा फरक कुणाच्या तरी माथी मारायचाच होता. फॉर्म्युल्यानं तो जुन्या माणसांवर जास्त टाकला. मी जुना. शेजारी चार पॉइंट एक निघाला, मी चार पॉइंट तीन.

“कुठून आणले गा हे पॉइंट?” मी ऑपरेटरला विचारलं.

“अंदाजानं काढले, काका. पण बेरीज पाहा, कशी बरोब्बर जुळून राहिली!” लेकाचा खुशीत हसत होता.

संध्याकाळी मला कामावरून काढल्याचं पत्र हातात पडलं. त्यात कारण टाइप केलं होतं: बिघडलेला माल, चार टक्के.