अंगठी, पाना आणि बॅटरी

"अंगठी काढ," मी तिसऱ्यांदा सांगितलं.

"आजी, साखरपुड्याची आहे. परवा हळद. आता काढली तर आई घरात घेणार नाही."

निलेश कळव्याचा. टुरिस्ट गाडी चालवायचा. स्वतःच्या हळदीत स्वतःची गाडी दणाणली पाहिजे, म्हणून मोठा ॲम्प्लिफायर घेऊन वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात आलेला. गाळा आता मुलगा बघतो, पण जाड केबलचं काम आलं की मला हाक मारतो.

ॲम्प्लिफायर म्हणजे आवाज मोठा करणारा डबा. तो करंट फार खेचतो, म्हणून त्याला थेट बॅटरीपासून अंगठ्याएवढी जाड केबल टाकतात. केबल जळू नये म्हणून बॅटरीजवळ फ्यूज. गाडीचा सगळा पत्रा मायनस असतो. त्यामुळे प्लसला लागलेलं लोखंड पत्र्याला टेकलं की संपलं. म्हणून बॅटरीला हात लावण्याआधी मायनसची काळी वायर काढायची आणि अंगावरचा धातू उतरवायचा.

हे मला कोणी शिकवलं नाही. तरुणपणी मी महा अतिशहाणी. सासूबाईंनी बजावलेलं, मंगळसूत्र काढायचं नाही. मग मी ते दातांत धरून बॅटऱ्या काढायचे. गिऱ्हाईक बोललं की नुसतं "हं". लोक म्हणायचे, बाई किती शालीन! एकदा पाना बोटावर आपटला, तोंडातून शिवी सुटली आणि मंगळसूत्र बॅटरीवर पडलं. एक वाटी वितळली. सासूबाईंना सांगितलं, उंदराने नेली. त्यांनी महिनाभर पिंजरा लावला.

निलेशलाही हे सांगितलं. तो पोट धरून हसला. अंगठी बोटातच.

"बरं, मग बॉनेटला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

काळी वायर काढून मी केबल मागे डिकीपर्यंत नेली, फ्यूज बसवला, मग काळी वायर पुन्हा जोडून गाणं लावलं. गाळ्याचं शटर थरथरलं. निलेश जागच्या जागी नाचला. पण ठोका पडला की हेडलाइट मंद व्हायचे.

"आजी, प्लसचा क्लॅम्प लूज असेल. मोबाइलवर बघितलंय मी."

"असेल. थांब, आधी डिकीत ॲम्प्लिफायरचा स्क्रू बघते. मग काळी वायर काढून आवळते."

मी डिकीत वाकले. त्याने पाना उचलला.

किंकाळी ऐकून धावले. पाना प्लसवर चिकटलेला. त्याची अंगठी एका बाजूने पान्याला, दुसऱ्या बाजूने पत्र्याला. सोनं लाल झालेलं. बॅटरी बारा व्होल्टची, तिचा शॉक बसत नाही. पण करंट एवढा असतो की धातू भट्टीतल्यासारखा तापतो. आणि फ्यूज केबलवर होता, अंगठीवर नाही.

झाडूच्या लाकडी दांड्याने मी पाना उडवला. मुलाने त्याचा हात नळाखाली धरला. मांस जळल्याचा वास गाळ्यात संध्याकाळपर्यंत होता.

हॉस्पिटलात अंगठी कापून काढली. बोट आधी पांढरं, मग काळं पडलं. लग्न ठरल्या दिवशीच झालं. हळद डाव्या हाताला लावली. त्यानंतरच्या आठवड्यात उजव्या हाताचं बोट काढलं.

आता गाळ्यात देवाच्या फोटोखाली स्टीलची ताटली आहे. "धातू काढा, शॉर्ट होईल" असं मी कोणाला सांगत नाही. म्हणते, "काम सुरू करण्याआधी दागिना देवापाशी ठेवा." करंट समजावला की लोक वाद घालतात. देव म्हटलं की मुकाट काढतात.

मागच्या महिन्यात निलेश ॲम्प्लिफायर काढून घ्यायला आला. मी बॉनेट उघडताच तो गुपचूप ताटलीपाशी गेला. सवयीने उजवा हात पुढे केला, बघितला आणि खिशात घातला.