पुस्तकाच्या लिंकवरून आलेली बॅट

तुमच्या कमाईने कुणाचं हाड मोडलं, हे कधी तपासलंत? ओल्या प्लास्टरचा वास आला की मला मूर्तिजापुरातलं शेजारचं रक्ताळलेलं अंगण दिसतं. जातिअंतावरच्या पुस्तकाची ऑनलाइन खरेदीची लिंक मी मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकली होती. ती उघडून कुणी दुसरंच काही घेतलं, तरी कमिशन मलाच मिळायचं. शेजाऱ्याने त्याच लिंकवरून बॅट घेतली आणि सख्ख्या बहिणीने परजातीत लग्न ठरवलं म्हणून त्याच बॅटने तिचा हात मोडला. मी ती हिसकावली, तर तो खेकसला, "काहून मधात येतं बे? तुह्याच लिंकवरून घेतली, कमिशन खाल्लं ना तू!" बहीण कण्हत मला म्हणाली, "भाऊ, साक्ष देशीन ना?" त्या खरेदीची नोंद मी स्वतः पोलिसांपुढे ठेवली. आता खटला उभा राहिलाय आणि बाकीचे साक्षीदार घाबरून साक्ष फिरवताहेत. सुनावणीच्या तारखेला अकोल्याच्या कोर्टात या, तिच्या शेजारी बसा.